पिशवीतली कुपी

कोलकात्यात हाजरा भागात चित्तरंजन कॅन्सर रुग्णालय आहे. 2 जानेवारी 1950 रोजी मादाम क्युरींची कन्या इरेन जोलिओ-क्युरी यांनी त्याचं उद्घाटन केलं. त्याच शहरात सॉल्ट लेकला 1975 साली स्थापन झालेली राष्ट्रीय होमिओपॅथी संस्थाही आहे. म्हणूनच तिथं केमोची फाइल आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची कुपी एकाच पिशवीत सापडली, तर नवल नाही. आपल्याकडे कुपीऐवजी गुळवेलीचा काढा असतो, एवढंच.

ओपीडीत फाइल टेबलावर येते, कुपी पिशवीतच राहते. डॉक्टर रागावतील ना! रागावले तर रागावू देत, पण त्यांना कळायला हवं. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत, आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच निचरतात. काही भस्मांत पारा, शिसं आढळतं. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी गाठ विरघळते, याला भरवशाचा पुरावा नाही.

योगासनांचं वेगळं. थकवा, झोप, काळजी यांवर त्यांचा उपयोग होतो, असं अभ्यासांत दिसलंय. मालीशही बरी, फक्त आजार हाडांत उतरला असेल तर आधी विचारायचं.

औषध सुचवणाऱ्याला सरळ विचारा: यानं गाठ कमी होते, की नुसता त्रास? केमो थांबवायला सांगितली, तर तिथून उठा. आणि पुढच्या तपासणीला कुपी, पुडी, काढ्याची बाटली लेबलासकट न्या. लेबल नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.