घरगुती ऊर्जा-परीक्षकाची घडण

घराला किती ऊर्जा लागते, ती कोठे खर्च होते आणि त्यातली किती टाळता येते, हे मोजून सांगणे हे घरगुती ऊर्जा-परीक्षकाचे काम. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरविक्रीच्या वेळी ऊर्जा-प्रमाणपत्र देण्याची सक्ती २००७ साली सुरू झाली. ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी दाखवणारे हे प्रमाणपत्र दहा वर्षे चालते आणि ते मान्यताप्राप्त परीक्षकालाच देता येते. कायद्याने काम निर्माण केले, म्हणून तेथे त्याचे शिक्षण देणारे अभ्यासक्रमही उभे राहिले.

भारतात या पेशाचे दार कारखान्याच्या बाजूने उघडले. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा. त्याखाली १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. ब्युरोच्या राष्ट्रीय परीक्षेत ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन प्रश्नपत्रिका असतात आणि ऊर्जा लेखापरीक्षकासाठी चार. ऊर्जा व्यवस्थापनाची तत्त्वे, औष्णिक यंत्रणा, विद्युत यंत्रणा आणि यंत्रांच्या कामगिरीचे मूल्यमापन असा त्यांचा क्रम आहे. बॉयलर, भट्टी, काँप्रेसर, पंप यांची गणिते सोडवून तयार झालेला लेखापरीक्षक दोन खोल्यांच्या घरात शिरतो तेव्हा शास्त्र तेच राहते, पण मोजायच्या वस्तू आणि माणसे बदलतात. घरासाठी वेगळ्या शिक्षणाची गरज येथूनच निर्माण होते.

या शिक्षणाचा पहिला पाठ वीजबिलाचा. वर्षभराची बिले मांडली की उन्हाळ्याची चढण दिसते आणि वातानुकूलनाचा अंदाज बांधता येतो. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. वाचलेले युनिट सर्वांत वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातून वजा होते. बचतीचे रुपये सरासरी दराने काढणारा विद्यार्थी येथेच चुकतो.

दुसरा पाठ इमारतीचा. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या इको निवास संहितेने निवासी इमारतींच्या बाह्य आवरणाचे निकष घातले. भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा, थंड प्रदेश वगळता, दर चौरस मीटरला १५ वॅट आहे. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र उष्ण-दमट हवामानात चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश आणि संमिश्र हवामानात एक अष्टमांश असावे लागते. साठ चौरस मीटरच्या घराला मुंबईत दहा चौरस मीटर, तर नागपुरात साडेसात. जुन्या घरांना संहिता लागू नसली तरी पश्चिमेची भिंत, वरच्या मजल्याचा स्लॅब आणि खिडकीवरचा छज्जा पाहण्याची नजर तिच्या अभ्यासातून येते.

तिसरा पाठ उपकरणे आणि मोजमाप यांचा. सर्वाधिक वेळ द्यावा लागतो तो यालाच. क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र धरल्या तर वाचन शून्य येते. एकच तार धरावी लागते. मिळालेल्या अँपिअरला २३० व्होल्टने गुणले की व्होल्ट-अँपिअर मिळतात, वॅट नव्हे. पंख्यासारख्या मोटारीच्या उपकरणात हा फरक जाणवतो. अवरक्त तापमापक चकचकीत स्टीलवर रोखला तर चुकीचे तापमान दाखवतो. अशा चुका हाताने करूनच उमगतात.

मोजमापाला हिशेबाची जोड लागते. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला ०.३५ युनिट, म्हणजे दोन हजार वॅटच्या गिझरला साधारण साडेदहा मिनिटे पुरतात. आंघोळीच्या तासभर आधी लावलेला गिझर पाणी तापले की थर्मोस्टॅटने बंद होतो, पण टाकीतली उष्णता झिरपत राहते आणि ती भरून काढायला तो पुन्हा पुन्हा सुरू होतो.

शेवटचा पाठ घरातल्या माणसांचा. एसी किती अंशांवर असतो, दुपारी घरी कोण असते, आजी-आजोबांना पंख्याचा वारा चालतो का, ही माहिती कोणतेही यंत्र देत नाही. भाडेकरूला भिंतीचे उष्णतारोधन सुचवणे निरर्थक. त्याला पंखा, दिवे आणि पडदे यांचाच सल्ला उपयोगी. अहवालातही खर्च, वार्षिक बचत आणि परतफेडीचा काळ हे तीन आकडे प्रत्येक उपायासमोर असावेत.

अशा शिक्षणाची कसोटी केवळ लेखी परीक्षेने होत नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी एक अट घालावी: प्रत्येक उमेदवाराने अनुभवी परीक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घरे तपासावीत, वर्षभराने त्याच घरी परत जावे आणि आपला अंदाज व आलेले बिल शेजारी-शेजारी मांडावे. त्या दोन आकड्यांतल्या तफावतीचे कारण ज्याला सांगता येईल, त्यालाच प्रमाणपत्र द्यावे.