गोदाकाठ : शोभेचा की वापराचा?



सार्वजनिक जागेचा आराखडा हा वास्तुशास्त्रज्ञांचा प्रांत, असा समज आपल्या चळवळीतही रूढ आहे. पाणी, निवारा, रोजगार हे प्रश्न आ वासून उभे असताना फरशी आणि दिव्यांच्या खांबांवर काय बोलायचे? नाशिकच्या गोदाघाटाकडे नीट पाहिले तर हा समज टिकत नाही.

येथे बुधवारचा बाजार भरतो, उत्तरकार्ये होतात, यात्रेकरू पथारी टाकतात. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले, यावरून सारे शहर त्याची उंची मोजते. हा घाट पूर्वीपासून सर्वांना खुला होता, असे मात्र कोणी म्हणू नये. येथून जवळच, काळाराम मंदिरापाशी, २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. सार्वजनिक हा शब्द या भूमीत लढून मिळालेला आहे.

आणि आज त्याचे काय केले जात आहे? २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरात नदीच्या तळालाच काँक्रीट घातले गेले. जिवंत झऱ्यांची कुंडे त्याखाली गेली, अशी नदीप्रेमींची तक्रार आहे. ते काँक्रीट काढावे म्हणून त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. गोदापार्कची हौस ऑगस्ट २०१६ च्या पुराने धुऊन नेली. जुन्या दगडी पायऱ्या दरवर्षी पाण्याखाली जातात आणि पुन्हा वर येतात. नव्या शोभेला एक पूर सोसत नाही. ज्याने नदी पाहिली, त्याने पायऱ्या बांधल्या. ज्याने चित्र पाहिले, त्याने उद्यान बांधले.

त्याच वर्षी नाशिकची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. योजना राबविण्यासाठी कंपनी स्थापन झाली. लोकनियुक्त सभागृहाचे काम संचालक मंडळाकडे गेले, ही या व्यवस्थेतील खरी मेख आहे. घाटाच्या कामात जुन्या पायऱ्या उखडल्या गेल्याची ओरड झाली, तेव्हा दाद नेमकी कोणाकडे मागायची, हेच नागरिकाला उमजेना. पुढे मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकाच प्रशासकाच्या हाती होती.

भाजीवालीला सावली हवी, यात्रेकरूला शौचालय, म्हाताऱ्याला धरायला कठडा. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींना दिल्या आहेत. तेव्हा २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने घाटाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक आराखडा मराठीत, सोप्या नकाशासह, घाटावरच लावला जावा आणि निविदेआधी तो या समितीपुढे व प्रभागातील जाहीर सभेत यावा, ही मागणी घेऊन आपण पंचवटीत घरोघर गेले पाहिजे. सुरुवात बुधवारच्या बाजारातून करावी. तेथे आपले म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.