खर्ड्याच्या माळावर एक दिवस

श्रोतेहो, सुगी आटोपली की शाळेच्या मुलांना घेऊन एका दिवसाची सहल काढा. लांब जायचे नाही. धाराशिवहून भूम, आणि भूम तालुक्याची शीव ओलांडली की जामखेड तालुक्यातले खर्डा. येथे ११ मार्च १७९५ रोजी पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. सकाळी निघालात तर दिवेलागणीला घरी याल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. रणांगण म्हणून तिथे बघण्यासारखे काही नाही. ज्वारीची धसकटे, बांधावरच्या बाभळी, बस्स! मुले हिरमुसतात. म्हणून आधी किल्ल्यात जाऊच नका. मोहरीच्या बाजूला, बालाघाटच्या उतारावर मुलांना उभे करा आणि सांगा, बेदरहून मांजरेच्या काठाकाठाने आलेली निजामअलीची फौज या घाटाने खाली उतरली आणि खर्ड्याहून परांड्याकडे निघाली. तोफा, बैल, तंबू, जनाना, बाजारबुणगे, सारा लवाजमा बरोबर. भरली गाडी उतारावर कशी अंगावर येते, हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावे लागत नाही.

इतिहासकार ग्रँट डफ निजामाची फौज १,१०,००० आणि मराठ्यांची १,३०,००० सांगतो. हे आकडे पाठ करून घेऊ नका. मुलांना विचारा, एवढी माणसे आणि जनावरे मार्चच्या उन्हात पाणी किती पीत असतील? आपल्या गावची विहीर किती दिवस पुरली असती?

मराठ्यांचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. सकाळी टेहळणीला गेले असता लालखान नावाच्या पठाण सरदाराने त्यांना घोड्यावरून पाडून जखमी केले. त्यांच्या मुलाने लालखानाला तिथेच ठार केले. मग तोफा सुरू झाल्या. गंमत पाहा, निजामाची कवायती पलटण रेमों या फ्रेंचाच्या हाताखाली आणि शिंद्यांची पेरों या फ्रेंचाच्या! पण खरा निकाल लागला तो रात्री. पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहानशी टोळी ओढ्याकाठी निजामाच्या पहारेकऱ्यांना अडखळली. चार बार उडाले, आणि अंधारात सारी छावणी वाटेल तिकडे गोळ्या झाडू लागली. घाबरून निजामाने खर्ड्याच्या लहानशा गढीवजा किल्ल्याचा आसरा घेतला. सकाळी माळावर तोफा आणि सामान बेवारस पडले होते.

आता किल्ल्यात चला. मराठ्यांनी वेढा घातला तेव्हा आत पाण्याला पैसे मोजावे लागत होते. दोन दिवस काढून निजामाने तहाचे बोलणे लावले. दौलताबाद, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख आणि तीन कोटी रुपये कबूल झाले. दिवाण मुशीरुल्मुल्क पेशव्यांच्या हवाली झाला. पण ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले, पुण्यात यादवी माजली, आणि पुढच्याच वर्षी नाना फडणिसांनी निजामाची मदत मिळवण्यासाठी मुलूख परत देण्याचे कबूल केले.

गेल्या खेपेला एका मुलाने मला विचारले, "सर, आपण कोणाकडून होतो?" मी गप्प झालो. खर्डा ज्यांचे, ते निंबाळकर मराठे. पण सरदार निजामाचे! आपला जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात. खर्डा इंग्रजी मुलखात आणि भूम निजामीत, मध्ये राज्याची सरहद्द. करोडगिरीच्या नाक्यांच्या गोष्टी आमचे आजोबा सांगत.

शेवटी मीच त्याला उलट विचारले, "त्या मार्चमध्ये तुझ्या गावचा कडबा कोणी नेला असेल?"

तो म्हणाला, "जो आधी आला, त्यानं."

यावर वाद घालायला मुलांना ओढ्याकाठी बसू द्या. भाकरी तिथेच सोडा. पाणी मात्र घरूनच न्या. मार्चमध्ये ओढ्याला असेलच असे नाही.