सोडियमची भरपाई आणि रात्रीच्या तपासण्या
(संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषण)



प्रयोगशाळेच्या खर्चाविषयी आपल्याकडून नेहमी विचारणा होते. एकाच बालकाची तीच रक्ततपासणी दिवसातून अनेकदा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, वैद्यकातील अधिकारी नव्हे. तरी बालरोग विभागाकडून समजून घेतलेले उत्तर आपल्यापुढे ठेवतो.

रक्तातील सोडियम सामान्यतः लिटरमागे १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते. जुलाब-उलट्यांत पाण्याबरोबर तेही शरीरातून जाते आणि जलसंजीवनीऐवजी नुसते पाणी पाजत राहिल्यास त्याचे प्रमाण आणखी घटते. मग पाणी मेंदूच्या पेशींत शिरते, मेंदू सुजतो, मूल गुंगीत जाते, आकडी येते. मात्र ही घट दोन दिवसांहून अधिक टिकली, तर पेशी आपल्यातील काही द्रव्ये बाहेर टाकून तिच्याशी जुळवून घेतात. अशा मेंदूभोवती सोडियम एकाएकी वाढवले, तर पेशींतील पाणी बाहेर खेचले जाते. गमावलेली द्रव्ये पुन्हा जमवण्यास पेशींना काही दिवस लागतात. त्या अवधीत मज्जातंतूंवरील मायेलिन नावाचे आवरण नष्ट होऊ शकते.

या विकाराचे वर्णन १९५९ साली अमेरिकेतील रेमंड अ‍ॅडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांचे रुग्ण मद्यासक्त वा कुपोषित प्रौढ होते. सोडियमच्या जलद भरपाईशी त्याचा संबंध पुढील काही दशकांत स्पष्ट झाला. मुलांमध्ये तो विरळ आहे, पण होतो. कुपोषण, यकृताचा विकार किंवा पोटॅशियमची कमतरता असल्यास धोका वाढतो.

त्याचा फसवेपणा विलक्षण आहे. भरपाईनंतर मूल प्रथम सुधारते, आईला ओळखते, घरचे निश्चिंत होतात. त्यानंतर दोन ते सहा दिवसांत बोलणे अडखळू लागते, घास गिळवत नाही, हातपाय लुळे पडतात. आरंभीच्या एमआरआयमध्ये दोष दिसेलच असेही नाही. काही मुले पूर्णतः सावरतात. काहींच्या वाट्याला कायमचे अपंगत्व येते. झालेली हानी हमखास भरून काढणारे औषध आजही उपलब्ध नाही.

म्हणून चोवीस तासांतील वाढ साधारणतः ८ ते १० एककांच्या आत ठेवतात. ११२ वर आलेल्या मुलाला १३५ पर्यंत नेण्यास, दररोज ८ प्रमाणे, जवळजवळ तीन दिवस लागतात. आकडी आल्यास मात्र थांबून चालत नाही. तीन टक्के मिठाचे सलाईन थोड्या मात्रेत तत्काळ देतात, आणि त्याने झालेली वाढ त्याच दिवसाच्या हिशोबात धरतात. (हिशोबाचा हा भाग आम्हांला चटकन उमगला.) शिवाय मूळ आजार ओसरू लागला की मूत्रपिंडे साठलेले पाणी वेगाने बाहेर टाकतात आणि सलाईन बेताचे असूनही आकडा आपोआप वर धावतो. हे रात्री दोन वाजताही घडू शकते. सकाळच्या तपासणीची वाट पाहिली, तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

“मीठच कमी आहे ना, मग एकदम का देत नाही?” असे नातेवाईक कळवळून विचारतात. त्यांची घालमेल आम्ही जाणतो. त्यांना एवढीच विनंती, की या तीन दिवसांत मुलाला दुसरीकडे हलवण्याची घाई करू नये, आणि घरी गेल्यावर आठवडाभरात बोलण्यात, गिळण्यात किंवा चालण्यात फरक जाणवला, तर लगेच परत आणावे.

विश्वस्त मंडळापुढे आमचे दोन प्रस्ताव आहेत. सोडियमच्या पहिल्या तपासणीनंतरच्या सर्व फेरतपासण्यांचा खर्च बालरुग्ण निधीतून व्हावा, जेणेकरून बिलाच्या धास्तीने कोणी तपासणी नाकारणार नाही. दुसरा, रात्रपाळीसाठी प्रयोगशाळेत आणखी एक तंत्रज्ञ नेमावा. दोन्हींचे अंदाजपत्रक सभेच्या कागदपत्रांसोबत जोडले आहे.