चालू घडामोडींचा अभ्यास आणि आपल्या अभ्यासिका

(तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षा अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी मुलांकडून चालू घडामोडींची तयारी कशी करून घ्यावी, असा प्रश्न तुम्ही मला लेखी विचारला आहे. प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. एखाद्या क्लासचे मासिक विकत घ्यावे, मुलांना वाटावे आणि दर रविवारी चाचणी घ्यावी, म्हणजे काम झाले, असे आपल्यातील अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. उद्या तहसीलदाराच्या किंवा गटविकास अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसणारा तरुण आपल्या समाजाविषयी कोणत्या रीतीने विचार करावयास शिकतो, हे पुष्कळ अंशी या एका विषयाच्या अभ्यासावर ठरते.

आधी परीक्षेचे स्वरूप पाहू. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात दोन तासांत 100 प्रश्न सोडवायचे असतात. गुण 200, आणि चुकलेल्या उत्तरामागे एकचतुर्थांश गुण कापले जातात. त्या पेपराच्या अभ्यासक्रमातील पहिलेच कलम राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय घडामोडींचे आहे. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या या पद्धतीने एक मोठा बाजार निर्माण केला. कोणाला कोणता पुरस्कार मिळाला, कोणती परिषद कोठे भरली, अमुक पदावरील पहिली महिला कोण, अशा नोंदींच्या पुस्तिका दरमहा निघतात आणि पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांतून त्यांची पारायणे चालतात. या नोंदी तुच्छ आहेत असे मी म्हणणार नाही. त्या पाठ नसल्याने दोन-चार गुणांनी बाहेर राहिलेल्या मुलाला आपले तत्त्वज्ञान काय कामाचे? परंतु ते परीक्षेपूर्वीच्या महिना-दीड महिन्याचे काम आहे. त्यात वर्ष घालविणे हा अपव्यय होय.

शिवाय मुख्य परीक्षाच आता बदलली आहे. वर्णनात्मक पद्धतीचा निर्णय 2022 साली झाला. विद्यार्थ्यांनी पुण्यात आंदोलन केले, आणि 2023 च्या फेब्रुवारीत आयोगाने ही पद्धत 2025 पासून लागू करण्याचे मान्य केले. वेळ मागण्यात विद्यार्थ्यांचे काही चुकले नव्हते. बहुपर्यायी पद्धतीवर वर्षे खर्च केलेल्यांना सवड मिळायलाच हवी होती. आता नऊ पेपर आहेत आणि मुलाखत धरून एकूण 2025 गुण आहेत. मराठी व इंग्रजी हे दोन पेपर केवळ पात्रतेपुरते. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, अशा सात पेपरांचे मिळून 1750 गुण. या सात पेपरांत पुस्तिकेतील नोंद उपयोगी पडत नाही. तेथे कारण सांगावे लागते, परिणाम सांगावा लागतो, आणि दुसरी बाजूही मांडावी लागते.

एक उदाहरण जरा विस्ताराने घेतो, कारण ते आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले आहे. 2025 च्या डिसेंबरात संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा नवा कायदा संमत केला. पुस्तिकेत त्याची नोंद अशी येईल: 100 दिवसांऐवजी 125 दिवस, खर्चाची वाटणी केंद्र व राज्य 60:40. विद्यार्थी ती पाठ करील आणि पुढच्या नोंदीकडे वळेल. पण विषय तेथे सुरू होतो.

रोजगार हमी ही कल्पना दिल्लीत जन्मलेली नाही. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, 1972 च्या दुष्काळाने तिची निकड सर्वांना पटविली, 1977 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढाला काम देण्याचे बंधन त्यात शासनावर घातले होते. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा होता. वर्षातील दिवसांना मर्यादा नव्हती. पैसा कोठून आणला, हे तर आजच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे. 1975 साली व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनातून कापली जाणारी रक्कम बीड-सोलापूरच्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी राखून ठेवण्यात आली, आणि करांतून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. शहराने खेड्याच्या हक्काची किंमत द्यावी, हा विचार अर्थसंकल्पात उतरल्याची इतकी स्पष्ट उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत. (आजही वेतनपत्रकावर व्यवसाय कराची कपात दिसते. ती कशासाठी सुरू झाली हे किती पगारदारांना ठाऊक आहे?)

2005 साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला. कुटुंबामागे वर्षाला 100 दिवस ही हमी आली आणि अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने उचलला. साहित्याच्या खर्चात मात्र राज्याचा चौथा हिस्सा होता. आता 2025 च्या कायद्याकडे पाहा. दिवस वाढले, ही गोष्ट खरी. पण मजुरीसह एकूण खर्चाचा 40 टक्के भार बहुतेक राज्यांवर आला. राज्याला किती निधी द्यावयाचा हे केंद्र आधी ठरविणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसावयाचा. आणि शेतीच्या हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद आली. मागणी येईल तेवढे काम, हे आधीच्या कायद्याचे सूत्र. निधी ठरेल तेवढे काम, असे त्याचे रूपांतर होते की काय, हा खरा प्रश्न आहे. गरीब राज्य आपला 40 टक्के हिस्सा उभा करू शकले नाही, तर 125 हा आकडा कागदावर राहील. ज्या विद्यार्थ्याला हे कळले, त्याला केंद्र-राज्य आर्थिक संबंध, करांची रचना आणि हक्क व योजना यांतील फरक हे सर्व एकाच घटनेतून कळते.

येथे तुम्हाला एक इशारा दिला पाहिजे. आपण कार्यकर्ते आहोत. नव्या कायद्याविषयीचे माझे मत माझ्या बोलण्यातून लपलेले नाही. परंतु अभ्यासिका हा पक्षाचा प्रचारवर्ग नव्हे. शासनाची बाजूही मुलाला तितक्याच नेटकेपणाने मांडता आली पाहिजे: हंगामात मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे, आणि ती केवळ बड्या बागायतदाराची नाही, राज्याचा स्वतःचा पैसा गुंतला की कामाच्या दर्जाकडे लक्ष राहील, असेही म्हणता येते, खोट्या हजेरीपटांचा रोग खरा आहे. हे मुद्दे प्रामाणिकपणे समजून घेतल्यावरही आपली भूमिका टिकते की नाही, ते मुलाने स्वतः ठरवावे. जो कार्यकर्ता याला घाबरतो, त्याचा आपल्याच विचारावर विश्वास नाही असे मी समजेन.

दुसरे उदाहरण थोडक्यात. 28 सप्टेंबर 2025 रोजी होणारी पूर्व परीक्षा मराठवाड्यातील पुरामुळे पुढे ढकलून 9 नोव्हेंबरला घ्यावी लागली. कित्येक उमेदवारांच्या घरची पिके त्या पाण्यात गेली. तरीही पूर ही ‘चालू घडामोड’ म्हणून किती जणांनी अभ्यासली? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आपल्यासारख्या राज्याला केंद्र 75 टक्के देते आणि राज्य 25 टक्के घालते. या निधीचे आकारमान वित्त आयोगाच्या शिफारशीवर ठरते. पंधराव्या वित्त आयोगाने करांच्या विभाज्य उत्पन्नातील 41 टक्के वाटा राज्यांना दिला, परंतु उपकर व अधिभार त्या वाटणीत येत नाहीत. पंचनामा करणाऱ्या तलाठ्यापासून वित्त आयोगापर्यंतची ही साखळी ज्याच्या दारात पाणी आले त्याला शिकविणे अवघड नाही. मात्र ती कोणी तरी शिकविली पाहिजे.

साधनांविषयी. एक मराठी दैनिक पूर्ण वाचावे, अग्रलेख व अर्थविषयक पानासह. जमल्यास एक इंग्रजी. अर्थसंकल्पाच्या आधी राज्य शासनाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीत प्रसिद्ध होते. ती फुकट मिळते, आणि क्लासची मासिके पुष्कळदा तीच फोडून विकतात. ‘योजना’ वाचावे. ‘लोकराज्य’ही वाचावे, मात्र ते शासनाचे मुखपत्र आहे हे ध्यानात ठेवून, शासन स्वतःविषयी काय सांगते हे कळण्यासाठी त्याहून चांगले साधन नाही. मोबाइलवरील तासन्तासांच्या व्याख्यानांबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ऐकलेले आपल्याला समजले असे वाटते. लिहावयास बसल्यावर तो भ्रम जातो.

म्हणून लिहून घ्या. प्रत्येक मुलाने एक वही ठेवावी. पानावर घटना आणि तिची तारीख. खाली तिच्यामागील कायदा, संस्था किंवा संविधानातील कलम. त्याखाली आपल्या तालुक्यात तिचा फटका किंवा लाभ कोणाला, हे. तिसरा भाग मुले टाळतात, कारण तो कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. रेपो दर 2025 च्या फेब्रुवारी ते जून या काळात 6.5 वरून 5.5 टक्क्यांवर आला, हे सर्वांना पाठ असते. आपल्या गावच्या पतसंस्थेने कर्जाचा दर किती उतरवला, हे विचारून येण्यास सांगा. बहुधा उतरवलेला नसेल. का नाही, यावर दोनशे शब्द लिहावयास लावा.

एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. जागा शेकड्यांनी असतात आणि अर्ज लाखांनी. आपल्या अभ्यासिकेतील बहुसंख्य मुले निवडली जाणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यांच्या आईबापांनाही. कोरडवाहू जमिनीच्या उत्पन्नातून मुलाच्या खोलीचे भाडे व खानावळीचे पैसे पाठविणाऱ्या घराला आपण काय देतो? पाच वर्षे पुरस्कारांच्या याद्या पाठ केलेला मुलगा तिशीत गावी परत येतो तेव्हा त्याच्या हाती काहीच उरत नाही. परंतु ज्याला ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचता येतो, कामाची लेखी मागणी करून तिची पोच घेता येते, त्याचे शिक्षण निकालाच्या यादीवर अवलंबून राहत नाही. वर्षांची मर्यादा मुलांशी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोला. किती प्रयत्न करावयाचे आणि नंतर काय, हे घरच्यांसमक्ष ठरवून घ्या.

पुढील बैठकीपर्यंत एवढे करा. प्रत्येक अभ्यासिकेने रोजगार हमीच्या जुन्या व नव्या कायद्यांतील तरतुदी समोरासमोर मांडून एक पान तयार करावे, आणि मुलांनी आपापल्या गावातील किमान पाच मजूर कुटुंबांना गेल्या वर्षी मिळालेल्या कामाचे दिवस विचारून लिहून आणावेत. वह्या माझ्याकडे पाठवा. मी तपासून देईन. अक्षर वाचता येईल असे असावे, एवढीच विनंती.