99.8 टक्के ‘हो’, आणि उरलेले कुठे गेले?

इअरफोन नीट लावा, आज आपण बोस्नियाला चाललोय.

25 सप्टेंबर 2016. बोस्निया-हर्झेगोविनाच्या रिपब्लिका स्रप्स्का या सर्बबहुल भागात सार्वमत झालं. प्रश्न साधा: 9 जानेवारी हा रिपब्लिका स्रप्स्काचा दिन म्हणून साजरा करायचा का? 99.8 टक्के मतं ‘हो’!

मी पडलो इंजिनिअर. असा आकडा दिसला की मला आधी शंका येते. एकदा आमच्या टीमने रात्रीच्या ड्युटीवर पोल घेतला. ड्युटी माझ्या गळ्यात पडणार होती, आणि मी नेमका रजेवर. निकाल? एकमताने मंजूर!

आता तारीख बघू. 9 जानेवारी 1992ला बोस्नियातल्या सर्ब नेत्यांनी स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. काही महिन्यांत युद्ध पेटलं, ते 1995च्या डेटन करारापर्यंत चाललं. या भागातून बोस्नियाक मुसलमान आणि क्रोएट हाकलले गेले, मारले गेले. स्रेब्रेनित्सा इथलंच. म्हणजे ज्या तारखेला एका घरी तोरण, त्याच तारखेला शेजारी सुतक.

नोव्हेंबर 2015मध्ये देशाच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं, हा दिन बिगर-सर्बांशी भेदभाव करतो. त्यावर तिथले अध्यक्ष मिलोराद दोदिक यांनी सार्वमताचा घाट घातला. कोर्टाने स्थगिती दिली, तरी मतदान झालंच. मत द्यायला आले साधारण 56 टक्के. बोस्नियाक बहुतांशी घरीच बसले. मतपत्रिकेवर कोर्टाचा उल्लेखही नव्हता, पण खरा प्रश्न तोच होता: कोर्टाचं ऐकायचं की नाही?

सर्बांचीही बाजू आहे बरं का. तेव्हा कोर्टात 9 न्यायाधीश होते. त्यातले 3 परदेशी, युरोपियन मानवाधिकार न्यायालयाच्या अध्यक्षांनी नेमलेले. रिपब्लिका स्रप्स्काचे फक्त 2. ‘बाहेरचे येऊन आमचा सण ठरवणार?’ हा राग मला समजतो. न्यायाधीश कसे नेमायचे यावर जरूर भांडा. पण ज्यांच्या हक्काचा प्रश्न आहे ते थोडे, आणि निकाल लावणार बहुमत, असं असेल तर कोर्ट हवंच कशाला?

पुढेही 9 जानेवारी साजरा होत राहिला, बान्या लुकात संचलनं निघत राहिली. आकडा जिंकला, भांडण काही मिटलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर पोल आला आणि सगळे ‘हो’ दिसले, तर एकदा यादी बघा. कोण बोललंच नाही? आधी त्याला फोन करा.

भेटू पुढच्या भागात!