मुरगळलेला पाय आणि तिसऱ्या दिवसाची घाई



पावसाचे दिवस आहेत. बांध निसरडे झालेत, रानातल्या वाटेवर चिखल आहे आणि पायात झिजलेली रबरी चप्पल. या दिवसांत आमच्या बचत गटाच्या बैठकीला एखादी तरी लंगडत येते. विचारलं की म्हणते, "काही नाही गं, जरा मुरगळलाय." त्या 'जरा'बद्दलच आज आम्ही बोलणार आहोत.

आपल्या घोट्यात हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. पाऊल आत वळून शरीराचा भार त्यावर आला की बाहेरच्या बाजूचे पट्टे ताणतात, कधी थोडे फाटतात, कधी पूर्ण तुटतात. सूज येते, काळंनिळं पडतं. यालाच आपण मुरगळणं किंवा लचकणं म्हणतो.

पहिला प्रश्न असा की हाड मोडलंय का? कॅनडातल्या ओटावा शहराच्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक सोपी तपासणी सांगितली. ती आज जगभर वापरतात. दुखावल्या पायावर चार पावलं टाकता येतात का ते बघा. लंगडत टाकली तरी चालतील. मग घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात, त्यांची मागची कड आणि खालचं टोक बोटानं दाबा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर एक उंचवटा लागतो, तोही दाबा. आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे असलेलं हाडही दाबा. चार पावलं टाकता येत नसतील किंवा यातल्या एखाद्या जागी हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. वय झालेल्या बाईचं हाड ठिसूळ असतं, तिनं तर थांबूच नये. पाय वाकडा दिसत असेल, बोटं गार, निळी किंवा बधिर पडली असतील, तर ओढून सरळ करू नका. आहे तसा आधार देऊन थेट दवाखाना गाठा.

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस पायाला आराम द्या. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नका. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं चालेल. साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले असतील तर डॉक्टरांना विचारूनच बर्फ लावा. बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत क्रेप बँडेज बांधा. बोटांना मुंग्या आल्या तर ते सैल करा, रात्री सोडून ठेवा. आडवं पडून पायाखाली दोन उशा किंवा गोधडीची घडी घ्या. पाय छातीपेक्षा उंच राहिला की सूज उतरते.

आता आपल्याकडच्या सवयी. आंबेहळदीचा गार लेप लावला तर बिघडत नाही, पण त्यानं फाटलेला पट्टा सांधत नाही. गरम शेक, जोरात चोळणं आणि लचक 'उतरवायला' पाय खसकन ओढणं मात्र या दिवसांत नको. त्यानं सूज वाढते. हाड मोडलेलं असेल तर ते सरकू शकतं.

खरी गोष्ट पुढे आहे. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी होतं आणि बाई कामाला लागते. आमच्या गटातली एक ताई गवताचा भारा घेऊन बांधावरून उतरताना मुरगळली आणि तिसऱ्या दिवशी कांद्याच्या लागणीला गेली. त्या एका वर्षात तोच पाय तीनदा मुरगळला. आता ती डोक्यावर हंडा घ्यायला घाबरते. असं का होतं? पाऊल वाकडं पडतंय ही खबर मेंदूला देणाऱ्या बारीक नसा याच पट्ट्यांत असतात, त्याही दुखावतात. दुखणं थांबलं तरी पाय सावध झालेला नसतो. त्याला पुन्हा शिकवावं लागतं.

ते असं शिकवा. दोन-तीन दिवसांनी, सोसेल तितकं, बसल्या जागी अंगठ्यानं हवेत अ, आ, इ, ई गिरवा. मग पाय लांब करून ओढणी तळव्याला अडकवा आणि पाऊल हळू आपल्याकडे ओढा. वीस आकडे मोजा, तीन-चार वेळा करा. भार सोसू लागला की भिंतीला धरून दहा वेळा टाचा उचला. शेवटी एका पायावर ३० सेकंद उभं राहा. चुलीवर दूध तापेपर्यंत ओट्याला हात टेकवून हे होतं. कळ वाढली तर एक पायरी मागे या. हलकं मुरगळणं दोन-तीन आठवड्यांत सुधारतं, जास्त असेल तर सहा आठवडे किंवा अधिक लागतात. न लंगडता भरभर चालता आलं आणि एका पायावर तोल राहिला की रानात जा. डोक्यावरचं ओझं सगळ्यात शेवटी. आठवडाभरात काहीच फरक पडला नाही किंवा पाय सारखा लचकत राहिला तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही म्हणाल, "ताई, आराम सांगायला सोपा आहे, रोज बुडाला तर खायचं काय?" बरोबर आहे. म्हणून हे एकटीचं काम नाही. आपल्याकडे सावड आहेच. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. तीच सावड पाण्याला आणि सरपणालाही लावता येते. शेजारच्या चौघींनी एकेक खेप वाटून घेतली तर कुणावर भार पडत नाही. घरातल्या पुरुषांना आणि मुलग्यांनाही हंडा उचलता येतो, सांगायचा संकोच करू नका. सभासद कामावर जाऊ शकत नसेल तर तिच्या हप्त्याला मुदत देण्याचा विषय बैठकीत घ्या, सगळ्यांच्या संमतीनं ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा. म्हणजे तिला हप्त्याच्या भीतीनं लंगडत कामावर जावं लागणार नाही आणि गटाचा हिशोबही चोख राहील.

पुढच्या बैठकीत आणखी एक करा. सगळ्यांनी उभं राहून एका पायावर तीस आकडे मोजा. जिचा तोल जाईल, तिला विचारा, "कधी मुरगळला होता गं?" आणि तिथूनच तिला व्यायामाला लावा.